तालीमखाना आणि नीलकंठी: नदीकाठी एकाच मोसमात दिसणाऱ्या या दोघांत नेमका फरक काय?

अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळ गावाचं नाव बहुतेकांनी पाणीपुरवठ्याच्या बातमीत वाचलेलं असतं. एमआयडीसीचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र इथे आहे. बारवी धरणाचं पाणी इथून ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना जातं. केंद्रात दुरुस्ती निघाली की अर्ध्या जिल्ह्याचे नळ कोरडे पडतात आणि जांभूळ हे नाव व्हॉट्सअॅपवर फिरू लागतं.

पण जांभूळ, बदलापूर, वांगणी हा सगळा उल्हास नदीचा पट्टा आहे. नदीकाठ म्हटला की चिखल आला, पाऊस ओसरल्यावर मागे राहिलेली डबकी आली, भातशेतीचे ओले बांध आले. अशा जागी ऑक्टोबरनंतर दोन निळ्या-जांभळ्या गोष्टी दिसू शकतात. एक काटेरी झुडूप, तालीमखाना. दुसरा चिमणीएवढा पक्षी, नीलकंठी. दोघांचे फोटो सोशल मीडियावर येतात आणि दोघांच्याही फोटोखाली चुकीचं नाव लिहिलेलं सर्रास सापडतं.

एका झाडाची आणि एका पक्ष्याची तुलना म्हणजे उगाचच वाटेल. पण हे दोघं एकाच चिखलावर, एकाच मोसमात, अगदी वेगळ्या पद्धतीने जगतात. शिवाय एकाला कायद्याचं संरक्षण आहे, दुसऱ्याला नाही, आणि दोघं ज्या चिखलावर जगतात त्याला तर कायदा बऱ्याचदा ओळखतही नाही.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

तालीमखाना म्हणजे मखाना नव्हे. डाएटच्या रील्समध्ये तुपात परतलेला जो पांढरा, फुगलेला मखाना दिसतो, तो युरिएल फेरॉक्स नावाच्या पाणवनस्पतीचा. ती कमळाच्या जातकुळीतली, तळ्यात तरंगणाऱ्या मोठ्या पानांची. तिची शेती मुख्यतः बिहारमध्ये होते आणि 'मिथिला मखाना'ला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तालीमखाना ही वेगळीच वनस्पती. शास्त्रीय नाव हायग्रोफिला ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत ती अॅस्टराकँथा लाँगिफोलिया या नावाने सापडते. कुळ अडुळशाचं आणि कोरांटीचं. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवीही याच कुळातली. म्हणजे तालीमखाना कारवीचा चुलतभाऊ लागतो, मखान्याशी त्याचं नावापुरतंच नातं.

मराठीत याला तालमखाना, कोळसुंदा, कोलिस्ता अशीही नावं आहेत. संस्कृत नाव मात्र मजेदार आहे: कोकिलाक्ष, म्हणजे कोकिळेच्या डोळ्यांसारखा. तांबूस बियांवरून हे नाव पडलं असं सांगतात. नर कोकिळेचे लालभडक डोळे ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना ही उपमा लगेच पटेल.

पक्ष्याचा गोंधळ यापेक्षा मोठा. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ, म्हणजेच नीलपंख किंवा तास, हा कबुतराएवढा, विजेच्या तारेवर बसणारा पक्षी. गंमत अशी की त्याच्या गळ्यावर निळा रंग नसतोच, तिथे तपकिरी-जांभूळसर रेघा असतात. निळेपणा असतो तो पंखांत. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो नीलकंठी किंवा शंकर, इंग्रजीत ब्लूथ्रोट. शास्त्रीय नाव लुसिनिया स्वेसिका. याचा गळा खरोखर निळा असतो, त्यामुळे विष पचवलेल्या शंकराचं नाव याला जास्त शोभतं. 'स्वेसिका' म्हणजे स्वीडनची. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा आपल्याच देशाचं नाव त्यात ठेवलं.

तालीमखाना कसा ओळखायचा?

काट्यांवरून. खोड सरळ, साधारण चौकोनी, कंबरेएवढं उंच होऊ शकतं. खोडावर ठरावीक अंतराने गाठी येतात आणि प्रत्येक गाठीभोवती पानांचं कडं असतं: बाहेरची दोन पानं लांब, आतली चार लहान. प्रत्येक पानाच्या बगलेत एक सरळ, पिवळसर, दोन-तीन सेंटिमीटरचा टोकदार काटा. म्हणजे एका गाठीला साधारण सहा काटे. याच काट्यांच्या मधून जांभळी-निळी फुलं डोकावतात. फुलाला वर-खाली दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर पिवळी खूण असते.

उल्हास नदीच्या पट्ट्यात आणखी एक जांभळं फूल भरपूर दिसतं, ते म्हणजे जलपर्णीचं. दोन्ही पाण्याकाठी, दोन्ही जांभळी, म्हणून मोबाइलच्या फोटोत घोटाळा होतो. ओळखायला सोपं आहे. जलपर्णी पाण्यावर तरंगते, तिचे देठ फुग्यासारखे फुगलेले असतात आणि तिला काटे नसतात. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली, नदीचा श्वास कोंडणारी. तालीमखाना इथलाच, चिखलात मुळं रोवून उभा राहणारा.

गुरं या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, कारण उघड आहे. त्यामुळे चरून सपाट झालेल्या काठावरही तालीमखान्याची बेटं तेवढी उभी राहतात. बंगालमध्ये याचीच कोवळी पानं 'कुलेखाडा' म्हणून भाजीत खातात. आयुर्वेदात बियांना आणि मुळांना मान आहे. बी ओलं झालं की त्याभोवती बुळबुळीत थर तयार होतो, सब्जाला होतो तसाच. 'ताकद वाढवणारं बी' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पुड्यांबद्दल मात्र एवढंच: ते औषध आहे, मुखवास नव्हे, आणि ते वैद्याला विचारूनच घ्यायचं असतं.

आणि नीलकंठी?

ती आधी दिसत नाही, हीच तिची पहिली ओळख. वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम, लांबी चिमणीएवढी, पाठ मातकट. पाण्याकाठच्या गवतातून, झुडपांच्या बुंध्यातून ती उंदरासारखी तुरुतुरु पळते, मध्येच थांबून ताठ उभी राहते आणि शेपटी झटक्यात वर करते. शेपटी पसरली की तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग चमकतो. मादी असो वा नर, पाठमोरा पक्षी असो वा समोरचा, ही विटकरी झलक दिसली की ओळख जवळजवळ पक्की. डोळ्यावर ठळक पांढरट भुवई असते.

नराचा गळा निळा, आणि आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक नरांच्या निळ्या गळ्यात मधोमध तांबूस ठिपका. खाली काळा, पांढरा आणि पुन्हा तांबूस पट्टा. मादीचा गळा पांढरट, त्याभोवती काळ्या ठिपक्यांची माळ. फोटोवर लाइक नराला मिळतात, पण हिवाळ्यात काठावर मादी किंवा पहिल्या वर्षातली पिल्लंही तितकीच असू शकतात. 'निळा गळा नाही म्हणजे नीलकंठी नाही' असं ठरवलं तर अर्धे पक्षी निसटतात.

खाणं म्हणजे किडे, अळ्या, कोळी, कधीमधी बारीक फळं. ती गाणाऱ्या पक्ष्यांत मोडते आणि गाणारीही साधीसुधी नाही. दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करण्यात ती पटाईत असते. उत्तर युरोपातल्या सामी लोकांच्या भाषेतलं तिचं नाव शंभर जिभांशी जोडलेलं आहे. पण ही सगळी मैफल तिच्या विणीच्या देशात. आपल्याकडे ती पाहुणी असते आणि बहुतेक वेळ 'चक्, चक्' एवढंच बोलते. परतीचा मोसम जवळ आला की कधी कधी झुडपाआड हलक्या आवाजात गाण्याची तालीम ऐकू येते.

दोघांचा निळा रंग एकच आहे का?

नाही. दोघांत सगळ्यात मोठा फरक इथेच आहे.

जांभळ्या-निळ्या फुलांत रंग येतो तो सहसा अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. ही द्रव्यं पाकळीच्या पेशींमधल्या रसात विरघळलेली असतात. फूल चुरगाळलं की बोटांना रंग लागतो. जांभळं खाल्ल्यावर जीभ रंगते तीही याच गटातल्या द्रव्यांनी. जांभळा हा शब्दच जांभूळ या फळावरून आलाय, त्यामुळे जांभूळ नावाच्या गावाच्या शिवारात या रंगाचं फूल दिसणं हा निव्वळ योगायोग असला तरी छान योगायोग आहे.

नीलकंठीच्या गळ्यात निळं द्रव्य नसतंच. पीस कुटून भुगा केला तर निळी पूड मिळणार नाही, मळकट काळपट काहीतरी उरेल. मग निळा दिसतो कसा? पिसाच्या बारीक तंतूंमध्ये केराटिन आणि हवेच्या पोकळ्या यांची स्पंजसारखी अतिसूक्ष्म रचना असते. प्रकाश तिच्यावर पडला की तिच्या मापामुळे निळ्या बाजूच्या लहरी परत फेकल्या जातात. बाकीचा प्रकाश खाली असलेलं मेलॅनिन हे गडद द्रव्य शोषून घेतं. आकाश निळं दिसतं तेही निळी शाई सांडल्यामुळे नव्हे, प्रकाश विखुरल्यामुळे. तंत्र तंतोतंत तेच नाही, पण द्रव्याशिवाय रंग ही कल्पना दोन्हीकडे सारखी. मोराचा निळाही असाच, रचनेतून आलेला.

माणसाला या निळ्याचा अर्धाच भाग दिसतो. नीलकंठीचा गळा अतिनील किरणंही परत फेकतो आणि पक्ष्यांना ती दिसतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात एक प्रयोग केला. काही नरांच्या गळ्याला अतिनील किरणं शोषणारं, सनस्क्रीनसारखं मिश्रण लावलं. आपल्या डोळ्यांना गळा तसाच निळा दिसत होता, पण माद्यांच्या डोळ्यांना त्यातली चमक गेलेली होती. असे नर जोडीदार मिळवण्यात आणि घरट्यातली पिल्लं स्वतःचीच असण्यात मागे पडले, असं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत होतं.

मधमाश्यांनाही अतिनील किरणं दिसतात. त्यामुळे पाण्याकाठी चाललेली ही रंगांची बोलणी आपल्याला अर्धवटच ऐकू येतात, असं म्हणायला हरकत नाही. फुलाचा रंग दुसऱ्या जातीच्या जिवासाठी असतो: माशी यावी, मध प्यावा, पराग घेऊन जावा. गळ्याचा रंग आपल्याच जातीसाठी असतो: मादीने पाहावं, दुसऱ्या नराने दूर राहावं. गळ्याची ही जाहिरात इथे, आपल्या चिखलात, जवळजवळ बंद असते. शरद ऋतूत नीलकंठी येते तेव्हा नराच्या गळ्यावरच्या नव्या पिसांना फिकट कडा असतात आणि निळा रंग झाकलेला असतो. हिवाळा सरता सरता काही पिसं बदलतात, कडा झिजतात आणि निळा उघडा पडत जातो. तोवर तालीमखान्याची फुलं संपत आलेली असतात. एकाचा रंग उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढतो, आणि मग तो पक्षी निघून जातो.

एक जागेवर, दुसरी सहा हजार किलोमीटरवर

नीलकंठीची वीण होते ती उत्तरेकडे: स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंत, अगदी अलास्काच्या पश्चिम टोकापर्यंत. भारतात ती लडाखमध्ये वीण करते, पण महाराष्ट्रात फक्त हिवाळी पाहुणी. घरटं जमिनीवर, ओलसर झुडुपांच्या आडोशाला. म्हणजे उन्हाळ्यात जी जागा निवडते तीही पाणथळ आणि हिवाळ्यातलीही पाणथळच.

आपल्याकडचे पक्षी नेमके कुठून येतात, हे पूर्वी पायातल्या कड्यांवरून आणि अंदाजाने सांगायचे. नंतर जिओलोकेटर आले. हे एक ग्रॅमपेक्षाही हलकं यंत्र पक्ष्याच्या पाठीवर बसवतात. ते उजेडाची नोंद ठेवतं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून पक्षी पृथ्वीवर साधारण कुठे होता हे काढता येतं. नॉर्वे आणि चेक प्रजासत्ताकातल्या काही नीलकंठींवर असा अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पक्षी जवळच्या आफ्रिकेकडे वळण्याऐवजी आग्नेयेला उडत भारतीय उपखंडात हिवाळा काढायला आले होते. नॉर्वेहून मुंबईच्या अक्षांशापर्यंत सरळ रेषेत मोजलं तरी एका बाजूचं अंतर सहा हजार किलोमीटरहून जास्त भरतं. एवढा प्रवास वीस ग्रॅमच्या शरीराने, बराचसा रात्रीचा.

तालीमखान्याचा प्रवास वेगळा. आयुष्यभर तो एका जागी. प्रवास करतं ते बी. या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींप्रमाणे याची फळं वाळून फुटतात आणि आतल्या बारीक आकड्यांच्या जोरावर बिया बाहेर उडतात. उडून फार लांब जात नाहीत. पुढचं काम पाणी करतं. पुरात वाहत गेलेलं बी कुठेतरी गाळात बसतं आणि ओलं झाल्यावर त्याभोवतीचा बुळबुळीत थर मातीला चिकटतो. मग ते वाट पाहतं. पक्षी वाईट मोसमातून उडून निघून जातो, झाड बियांच्या रूपाने त्याच चिखलात दबा धरून राहतं. अडचण टाळायची ही दोघांची तंत्रं. एकाने जागा बदलायची, दुसऱ्याने वेळ.

म्हणून चिखलाकडे 'नुसता चिखल' म्हणून पाहणं चुकीचं ठरतं. चार्ल्स डार्विनने 'ओरिजिन ऑफ स्पिशीज' या १८५९ सालच्या पुस्तकात एक साधा प्रयोग सांगितला आहे. एका छोट्या तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल त्याने आणला, अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवेल ते रोपटं मोजून उपटत राहिला. सहा महिन्यांत मोजणी झाली ५३७ रोपट्यांची. न्याहारीच्या एका कपात मावेल एवढ्या चिखलातून. डार्विनला दाखवायचं होतं ते वेगळंच: पाणपक्ष्यांच्या पायांना असा चिखल चिकटला तर किती बिया कुठल्या कुठे जात असतील!

मग या दोघांचं एकमेकांशी काही नातं आहे का?

थेट नाही. नीलकंठी तालीमखान्याचा मध पीत नाही, त्याच्या बियांवर जगत नाही. नातं आहे ते किड्यांमार्फत आणि आडोशामार्फत. तालीमखान्याच्या पानांवर पिकॉक पॅन्सी, म्हणजे मयूर भिरभिरी या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. फुलांवर माश्या, भुंगे येतात. ओल्या मातीत किड्यांची आणखी एक दुनिया असते. किडे खाणाऱ्या छोट्या पक्ष्याला अन्न आणि दाट आडोसा एकाच जागी मिळाला तर आणखी काय हवं? आडोसा काटेरी असेल तर मांजरही विचार करून आत शिरतं.

हाच आडोसा स्वच्छतेच्या नावाखाली सगळ्यात आधी जातो. काठावरची काटेरी झुडपं काढली, बांध सारखा केला, वर पेव्हर ब्लॉक बसवले की फोटोत काठ नीटनेटका दिसतो. नीलकंठीच्या दृष्टीने तिथे मग काहीच शिल्लक राहत नाही.

कायद्याच्या नजरेत कोण कुठे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता प्राण्या-पक्ष्यांसाठी परिशिष्ट १ आणि २ आहेत, वनस्पतींसाठी परिशिष्ट ३. आपल्याकडचे जवळजवळ सगळे जंगली पक्षी पहिल्या दोन परिशिष्टांत येतात. त्यांना पकडणं, मारणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. वनस्पतींची यादी मात्र अगदी छोटी आहे आणि तालीमखाना तिच्यात नाही. यात अन्याय आहे असं म्हणता येणार नाही, कारण तालीमखाना दुर्मीळ नाही. नीलकंठीही जागतिक पातळीवर धोक्यात नसलेल्या पक्ष्यांत गणली जाते. प्रश्न त्यांच्या जागेचा आहे.

पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांतली पाणथळीची व्याख्या सुरू होते ती मोठ्या मनाने: दलदल, पाण्याखालची जमीन, नैसर्गिक वा कृत्रिम, कायमची वा तात्पुरती, गोडी वा खारी. आणि मग वगळलेल्या गोष्टींची यादी येते: नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, मनोरंजनासाठी बांधलेल्या रचना.

आता जांभूळ ते वांगणी हा पट्टा डोळ्यांसमोर आणा. नदी आहे, भातशेती आहे, पाणीपुरवठ्यासाठी अडवलेलं पाणी आहे. म्हणजे नीलकंठीला जे जे पाणथळ वाटतं, त्यातलं बरंचसं या व्याख्येतून बाहेर पडतं.

दुसरी चाळणी आकाराची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातल्या ज्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचे आदेश दिले, त्या उपग्रह नकाशांवरून ठरलेल्या, २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या. २.२५ हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. पुरानंतर मागे राहिलेलं डबकं एवढं मोठं कुठून असणार? उल्हासची एक शाखा पुढे ज्या ठाणे खाडीला मिळते, तिला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. खाडीवर रोहित पक्षी येतात, बोटी सुटतात, बातम्या होतात. वरच्या अंगाच्या चिखलाला असं काही नाही.

मग काठ वाचवणारं काहीच नाही?

आहे, पण ते पक्ष्यांसाठी केलेलं नाही. पूररेषा.

जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणजे लाल. नदी आणि निळी रेषा यांच्या मधली जागा निषिद्ध क्षेत्र मानतात, तिथे नवं बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधली जागा नियंत्रित, तिथे अटींवर परवानगी. थोडक्यात, नकाशावरच्या निळ्या रेषेच्या आत जे ओलं, रिकामं, 'वाया गेलेलं' दिसतं, तेच नीलकंठीचं आणि तालीमखान्याचं घर.

या रेषांना बदलापूरच्या बाजूला किती महत्त्व आहे ते २७ जुलै २०१९ ला देशाने टीव्हीवर पाहिलं. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिकांनी बोटींतून बाहेर काढलं. नदीला पसरायला जागा लागते. ती जागा हिवाळ्यात रिकामी दिसते म्हणून ती रिकामी नसते.

आणि जागेवर ताण वाढतोच आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९८ हजारांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. लोकांना परवडणारी घरं हवीत आणि मुंबईच्या लोकलला जोडलेल्या या पट्ट्यात ती मिळतात. त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण इमारत काठापासून किती लांब असावी, भराव कुठवर टाकावा, हे प्रश्न पक्षिप्रेमींपेक्षा पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या जास्त जवळचे आहेत. पूररेषेचा नकाशा घर घेण्याआधी मागून पाहता येतो. बिल्डरच्या ब्रोशरमधल्या 'रिव्हर व्ह्यू' या शब्दांपेक्षा तो जास्त खरं सांगतो.

बघायला जायचं असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. मोठं तळं शोधायची गरज नाही. नदीकाठचा असा कोपरा शोधायचा जिथे पाणी, उघडा चिखल आणि लगेच मागे दाट गवत किंवा काटेरी झुडूप आहे. तिथे थोडं लांब उभं राहून चिखल आणि झुडूप यांच्या सीमेवर नजर ठेवायची. नीलकंठी तिथेच बाहेर येते, दोन-चार किडे टिपते, शेपटी झटकते आणि आत जाते. धोबी पक्षी त्याच चिखलावर शेपटी सतत वरखाली हलवत फिरत असतात. नीलकंठी मध्येच एकदा झटका देते. हा फरक दुर्बिणीशिवायही कळतो.

पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणारेही भेटतील. ते टाळावं. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे खायला आणि वजन भरून काढायला आलेला असतो. खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावण्यात त्याची सकाळ जाते. फोटो टाकताना नेमकं ठिकाण न टाकता तालुक्याचं नाव टाकलं तरी चालतं.

तालीमखान्याच्या बाबतीत ही अडचण नाही, तो कुठे जात नाही. त्याचा फोटो काढताना गाठीवरची पानं, काटे आणि फुलाचा खालचा ओठ, तिन्ही एका चौकटीत आले तर ओळख निर्विवाद होते. उन्हाळा लागला की झुडूप वाळून करडं होतं, काटे मात्र तसेच राहतात, आणि त्या काड्यांच्या खालच्या भेगाळलेल्या गाळात पुढच्या पावसाची बिया पडलेल्या असतात. साधारण त्याच सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, एखाद्या रात्री नीलकंठी उत्तरेकडे निघते.